दक्षिण काशीची सावली

दिवाळीची सुटी संपली की शाळेत सहलीची बोलणी सुरू होतात. अजिंठा-वेरूळ, रायगड, मुंबई, सापुतारा अशी नावे निघतात, बसच्या भाड्याचा हिशेब मांडला जातो आणि वर्गातील काही मुले 'घरी विचारून सांगतो' म्हणतात. ती पुन्हा सांगायला येत नाहीत. ज्यांना जमते ती मुले दोन दिवसांत पाच ठिकाणे पाहून येतात आणि 'काय पाहिलेस?' असे विचारले की त्या पाच ठिकाणांची नावे सांगतात. स्थळ पाहणे वेगळे आणि स्थळी जाऊन येणे वेगळे. हा फरक अंतरामुळे पडत नाही, आपण सोबत कोणते प्रश्न घेऊन जातो त्यामुळे पडतो. हे दाखवण्यासाठी आम्ही नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशा हे गाव निवडले आहे.

प्रकाशा शहादा तालुक्यात, तापीच्या उत्तर काठावर आहे. नंदुरबारहून शहाद्याला जाताना तापीचा पूल ओलांडला की ते लागते. सातपुड्यातून येणारी गोमाई येथे तापीला मिळते. संगमावर घाट आहेत, केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर अशी महादेवाची देवळे आहेत, आणि या सर्वांमुळे गावाला 'दक्षिण काशी' म्हणतात. जिल्ह्यातील बहुतेक शाळांना सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढेच हे अंतर आहे. एकही मूल मागे राहू नये असे वाटत असेल, तर ही गोष्ट लहान नाही.

'दक्षिण' या शब्दावर नाव कमावलेली गावे जगात आणखीही आहेत. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, अर्जेंटिना देशात, उश्वाया नावाचे शहर ५४.८ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. 'जगाचा शेवट' अशी त्याची ख्याती असून ती ऐकून दूरदूरचे प्रवासी तेथे जातात. ते तेथे काय करतात? बीगल खाडीत नावेतून फिरतात, राष्ट्रीय उद्यानात पायी हिंडतात, हिमनदीकडे जाणारा डोंगर चढतात आणि आकाशातला वेगळाच वाटणारा सूर्य पाहतात. म्हणजे आकाश, पाणी आणि जमीन या तीनच गोष्टी पाहतात. या तिन्ही प्रकाशातही आहेत. तेव्हा अधूनमधून उश्वायाकडे नजर टाकत प्रकाशाची सहल करू.

आकाश : एका काठीची सावली

सहलीला एक मीटर लांबीची सरळ काठी, ओळंबा, मोजपट्टी आणि घड्याळ न्यावे. घाटाच्या बाजूला सपाट, मोकळी जागा पाहून काठी ओळंब्याने अगदी उभी रोवावी. दुपारी १२ वाजून १० मिनिटांपासून १२.५० पर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. सावली आखूड होत जाते, एका क्षणी सर्वांत आखूड होते आणि पुन्हा वाढू लागते. सर्वांत आखूड सावलीचा क्षण म्हणजे त्या गावचे खरे माध्यान्ह. ती सावली ज्या रेषेत पडते ती खरी उत्तर-दक्षिण रेषा. होकायंत्राची गरज नाही.

हा क्षण बाराला येत नाही, हे मुलांच्या लगेच ध्यानात येईल. डिसेंबरअखेरीस तो साडेबाराच्या सुमारास येतो. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची वेळ दाखवते. प्रकाशा साधारण ७४.३५ अंशांवर, म्हणजे त्या रेषेच्या सुमारे ८ अंश पश्चिमेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून सूर्य येथे जवळजवळ ३३ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. पृथ्वीच्या कक्षेच्या आकारामुळे आणि आसाच्या कलामुळे त्यात ऋतूप्रमाणे काही मिनिटांचा फरक पडतो.

आता लांबी मोजा. २२ डिसेंबरला प्रकाशा येथे एक मीटरच्या काठीची माध्यान्हीची सावली जवळजवळ बरोबर एक मीटर भरते! प्रकाशाचा अक्षांश सुमारे २१.५ अंश उत्तर आहे. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या २३.४ अंश दक्षिणेला असतो. दोहोंची बेरीज ४४.९ अंश होते आणि सूर्य डोक्यापासून तेवढाच खाली कललेला दिसतो. ४५ अंशांच्या काटकोन त्रिकोणात पाया आणि उंची सारखे असतात, हे आठवीच्या मुलांनाही ठाऊक असते. भूमितीच्या पुस्तकातला त्रिकोण येथे घाटावर उन्हात काढलेला सापडतो. ज्यांना त्रिकोणमिती येत नाही त्यांनी काठी आणि सावली १० सेंटिमीटरच्या प्रमाणात कागदावर काढून कोनमापकाने कोन मोजावा आणि त्यातून २३.४ वजा करावेत. आपल्या गावाचा अक्षांश त्यांनी स्वतः काढलेला असेल.

१४ जानेवारीला हीच सावली सुमारे ९३ सेंटिमीटर भरते. मकर संक्रांतीला उत्तरायण सुरू होते असे आपण सांगत आलो, परंतु सावली त्याआधीच तीन आठवडे आखडू लागलेली असते. हे मुलांना तोंडी सांगण्यापेक्षा काठीने दाखवणे बरे. काठीशी वाद घालता येत नाही.

उन्हाळ्यात याहून नवल घडते. सुमारे २८ मे आणि १५ जुलै या दिवशी सूर्य प्रकाशाच्या बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत ढग असतात, म्हणून मे महिन्याचा दिवस साधावा. या दोन तारखांमधील सुमारे सात आठवडे दुपारचा सूर्य येथे किंचित उत्तरेला असतो, आणि सावली दक्षिणेला पडते. २१ जूनला ती सुमारे ३.४ सेंटिमीटर असते.

आता खऱ्या काशीकडे वळू. काशीचा अक्षांश २५.३ अंश उत्तर, म्हणजे ती कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. तेथे सूर्य कधीच माथ्यावर येत नाही. २१ जूनला काशीच्या काठीची सावली सुमारे ३.३ सेंटिमीटर पडते, पण ती उत्तरेला. दोन काशींची एकाच दिवसाची सावली जवळजवळ सारखी, दिशा मात्र उलट. २५.३ आणि २१.५ यांची सरासरी काढा, २३.४ येते. कर्कवृत्त या दोन गावांच्या जवळजवळ मधोमध जाते.

येथे शिक्षकांनी थोडे थांबावे. कोणी तरी मूल, कदाचित कोणी पालकही, लगेच म्हणेल की पूर्वजांनी हे मोजूनच दक्षिण काशीची जागा ठरवली. असा पुरावा आहे का, हा प्रश्न वर्गात विचारावा. भारतात अनेक गावांना दक्षिण काशी म्हणतात. कोल्हापूर आणि पैठण ही त्यांतलीच नावे. त्यांचे अक्षांश नकाशात पाहिले तर ही सममिती तेथे जुळत नाही. जी गोष्ट एका ठिकाणी जुळते आणि इतरांत जुळत नाही, तिला आपण योगायोग म्हणतो. योगायोग सुंदर असतो, त्याचा आनंद घ्यावा, मात्र त्याला हेतू चिकटवू नये. मुलांनी या सहलीतून एवढेच आणले तरी पुष्कळ झाले.

२१ जूनला उश्वायात काय दिसते? तेथे तेव्हा ऐन हिवाळा असतो. माध्यान्हीचा सूर्य उत्तर क्षितिजापासून जेमतेम १२ अंश वर येतो, आणि एक मीटरच्या काठीची सावली ४.८ मीटर लांब पडते. तीही दक्षिणेलाच. दिवस सात तासांहून थोडा मोठा असतो, तर प्रकाशात साडेतेरा तासांच्या जवळपास. आता डिसेंबर घ्या. २२ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य प्रकाशात ४५ अंश उंच असतो, उश्वायात ५८ अंशांहून अधिक. शिवाय दिवस तिकडे सतरा तासांहून मोठा. मग उश्वायात उन्हाळ्याच्या दुपारीही सरासरी तापमान १५ अंशांच्या आसपास का, आणि प्रकाशात आपण हिवाळ्याच्या दुपारी सदऱ्यावर का फिरतो?

हा प्रश्न मुलांपुढे तसाच ठेवावा. ऊन किती पडते एवढ्यावर हवा ठरत नाही, हे त्यांनी शोधून काढावे. उश्वायाभोवती थंड समुद्र आहे. पाणी तापायला जमिनीपेक्षा फार जास्त उष्णता लागते, पश्चिमेचे वारे समुद्रावरचा गारवा आणि ढग आणतात, आणि आलेल्या उन्हातील बराच भाग ढग परत पाठवतात. खानदेशची जमीन समुद्रापासून दूर, हिवाळ्यात निरभ्र आणि कोरडी. म्हणूनच ती दुपारी पटकन तापते, आणि पहाटे तितक्याच पटकन गारठते. सकाळी निघतानाचे, दुपारचे आणि परततानाचे तापमान नोंदवले तर याचा निम्मा पुरावा एका दिवसात हाती येतो.

पाणी : दोन नद्या

महाराष्ट्रातील गोदावरी, भीमा, कृष्णा या मोठ्या नद्या सह्याद्रीतून निघून पूर्वेला जातात. तापी मात्र मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावते आणि ७२४ किलोमीटर पश्चिमेला वाहून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. असे का? सातपुड्याच्या दोन बाजूंना जमिनीला मोठे तडे जाऊन लांबट खोलगट पट्टे तयार झाले. उत्तरेच्या पट्ट्यातून नर्मदा वाहते, दक्षिणेच्या पट्ट्यातून तापी. या खोलगटात तापीने आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या तिच्या उपनद्यांनी गाळ आणून भरला. त्या गाळाच्या जमिनीवर आज केळी, ऊस, पपई आणि कापूस उभा आहे. खाली मात्र सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा दगड आहे. नंदुरबार-धुळे भागात हा दगड अनेक ठिकाणी माळरानावर भिंतीसारखा लांबच लांब उभा दिसतो. जमिनीला पडलेल्या भेगांत तप्त रस चढून घट्ट झाला, आणि पुढे भोवतालचा खडक झिजून गेला, तेव्हा या भिंती उघड्या पडल्या. बसच्या खिडकीतून त्या कोण आधी ओळखतो, अशी पैज लावता येते.

संगमावर दोन्ही नद्यांचे पाणी एकेका पारदर्शक बाटलीत भरून घ्यावे. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून त्या शाळेत एक दिवस हलवू नयेत. तळाशी बसलेल्या गाळाची जाडी, रंग आणि वर राहिलेल्या पाण्याचा गढूळपणा यांची तुलना करावी. हाच प्रयोग पावसाळ्यात गावातील कोणाकडून पाणी मागवून पुन्हा करावा. गोमाई डोंगरातून थोडे अंतर वाहून येते, तापी शेकडो किलोमीटर. काठावरच्या गोट्यांच्या कडा कोठे अधिक गोल आहेत, हेही पाहावे.

येथे एक गोष्ट मुलांच्या नजरेला आणून द्यावी लागते. प्रकाशाजवळ तापीवर दरवाजांचा बंधारा आहे. हिवाळ्यात दरवाजे बंद असताना भरलेले विस्तीर्ण पात्र पाहून 'नदी केवढी मोठी!' असे वाटते. पण दिसते ती वाहती नदी नसून साठलेले पाणी असते. वाळलेले पान पाण्यावर टाकून ते पाच मिनिटांत किती सरकते ते पाहावे. वारा असेल तर पान वाऱ्याने सरकते, म्हणून अर्धवट बुडणारी काडी घ्यावी. वाहते पाणी गाळ पुढे नेते, थांबलेले पाणी तो खाली टाकते. थांबलेल्या पाण्यात निर्माल्य साचते आणि शेवाळ वाढते. दुसऱ्या बाजूने पाहता याच पाण्यावर काठच्या शेतांना आणि गावांना उन्हाळा काढता येतो. बंधारा चांगला की वाईट असा वाद मुलांत लावून देऊ नये. कोणाला काय मिळाले आणि नदीचे काय बदलले, अशा दोन याद्या त्यांनी कराव्यात. घाटावरच्या वयस्क माणसांना, नावाड्यांना, मासेमारी करणाऱ्यांना विचारल्याशिवाय दुसरी यादी पुरी होत नाही.

उश्वायाचे पाणीही असेच कोडे घालते. बीगल खाडी नदीसारखी दिसते, पण ती हिमनदीने कोरलेली दरी आहे आणि तिच्यात समुद्र शिरला आहे. १८३३ मध्ये तरुण चार्ल्स डार्विन या खाडीतून गेला, तेव्हा काठचे हिम आणि खडक तो बारकाईने पाहत होता. पाणी कोठे आहे हे सर्वांना दिसते. ती वाट कोणी कोरली हे विचारावे लागते.

दोन सूचना महत्त्वाच्या. बंधाऱ्यामुळे काठाला लागूनच पाणी खोल असू शकते. बाटली शिक्षकांनीच दोरी बांधून भरावी, मुलांनी पायरीखाली उतरू नये. आणि संगमावर लोक आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन येतात. तेथे वही-पेन्सिल घेऊन गोळा होऊ नये. आपली सहल दुसऱ्याच्या दुःखात जाऊ नये.

जमीन : पांढरीची टेकडी

जुन्या गावठाणाच्या मातीला आपल्याकडे पांढर म्हणतात. मातीच्या भिंती पडतात, त्यांवरच नवी घरे उभी राहतात, चुलीची राख, फुटकी मडकी, हाडे तेथेच पडतात. शेकडो वर्षे असे चालले की जमीन वर येते आणि टेकडी तयार होते. प्रकाशा येथे अशीच टेकडी आहे. १९५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे बी. के. थापर यांनी तेथे उत्खनन केले आणि वस्तीचे चार कालखंड वेगळे केले.

सर्वांत खालचा काळ ताम्रपाषाण युगाचा, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातला. तांबे होते पण थोडे. रोजचे काम दगडाच्या बारीक पात्यांवर चाले. या थरांत आधी माळव्यातील धाटणीची रंगीत भांडी मिळतात. त्यानंतर जोर्वे धाटणीची भांडी येतात. जोर्वे हे प्रवरेकाठचे, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातले गाव. म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीही प्रकाशाची माणसे उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडच्या लोकांच्या संबंधात होती. मग वस्तीत खंड पडला. पुढच्या काळात लोखंड आले, आणि त्या काळाच्या थरांत गंगेच्या खोऱ्यात प्रसिद्ध असलेली काळी चकाकती भांडीही सापडली. काशी आणि प्रकाशा यांना जोडणारा हा पुरावा हातात धरता येतो. पुढील दोन काळांत वस्ती साधारण अकराव्या शतकापर्यंत चालू राहिली.

हे सारे कशावरून कळले? खापरे कोठल्या थरात होती यावरून. न विस्कटलेल्या मातीत खालचा थर जुना, वरचा नवा. टेकडीवरचे सुंदर खापर उचलून खिशात घातले की खापर राहते, पण त्याची जागा पुसली जाते, आणि जागेबरोबर त्याचा काळही. सहलीत पन्नास मुले गेली आणि प्रत्येकाने एकच खापर आणले, तर दहा वर्षांत काय उरेल? शेतात टाकायला पांढरीची माती खणून नेल्यानेही अनेक गावांचे असे इतिहास नाहीसे झाले आहेत. म्हणून नियम एकच. पाहावे, रेखाटावे, जागा लिहून ठेवावी, आणि खापर तेथेच राहू द्यावे.

हाताने करण्याचे काम शाळेत करता येते. कुंभाराकडचे फुटके मडके आणावे आणि काठाचे तुकडे मुलांना वाटावेत. काठाचा कंस कागदावर उतरवून त्याच्या दोन टोकांना जोडणारी जीवा मोजावी, आणि जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतची उंची मोजावी. जीवेचा वर्ग भागिले उंचीची आठपट, अधिक उंचीचा निम्मा, ही झाली त्रिज्या. जीवा ८ सेंटिमीटर आणि उंची १ सेंटिमीटर असेल तर त्रिज्या ८.५ सेंटिमीटर, म्हणजे मडक्याचे तोंड १७ सेंटिमीटरचे. पुरातत्त्वज्ञ खापरावरून भांडे ओळखतात त्यात जादू नसते, दहावीची भूमिती असते.

उश्वायाच्या परिसरात बीगल खाडीच्या काठी गवताने झाकलेले उंचवटे दिसतात. हजारो वर्षे तेथे राहिलेल्या यामाना लोकांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ते ढीग आहेत. उत्खनन करणाऱ्यांनी त्यांतून त्या लोकांचे जेवण आणि हत्यारे यांचा इतिहास वाचला. राजवाडे सर्वत्र नसतात. उकिरडे सर्वत्र असतात, आणि सामान्य माणसाचा इतिहास बहुधा तेथेच सापडतो.

परत आल्यावर

प्रकाशाच्या परिसरातील वर्गात अहिराणी, गुजरी, भिली, पावरी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. काठावरचे झाड, मासा, पक्षी, मातीचा प्रकार यांची नावे प्रत्येकाने आपल्या बोलीत सांगावीत आणि एकाच तक्त्यात लिहावीत. जे मूल वर्गात गप्प असते, त्याला या तक्त्याच्या वेळी पुष्कळ सांगायचे असते असा आमचा अनुभव आहे.

आणि सावलीचे काम पुढे नेता येईल. २२ डिसेंबरला एक मीटरच्या काठीची माध्यान्हीची सावली नागपूरला सुमारे ९९ सेंटिमीटर पडेल, नाशिकला ९५, पुण्याला ९०, तर कोल्हापूरला ८४. दक्षिणेला जावे तशी सावली आखडते, कारण पृथ्वी गोल आहे. प्रकाशाच्या आणि कोल्हापूरच्या शाळेने त्या दिवशी आपापल्या माध्यान्ही सावली मोजून एकमेकींना पत्राने कळवावी. दोन कोनांतील फरक सुमारे ४.८ अंश येईल. नकाशावर दोन्ही गावांमधील उत्तर-दक्षिण अंतर प्रमाणपट्टीने मोजले तर ते सुमारे ५३० किलोमीटर भरते. ३६० ला ४.८ ने भागून ५३० ने गुणले की ३९,७५० किलोमीटर मिळतात. पृथ्वीचा खरा परीघ ४०,००० किलोमीटरच्या आसपास आहे. बावीसशे वर्षांपूर्वी एरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधील दोन गावांच्या सावलीतील फरकावरून असाच हिशेब मांडला होता.

सावली मोजताना एका सेंटिमीटरची चूक झाली तर उत्तर किती बदलेल, हेही मुलांनी काढावे. सावली ८४ ऐवजी ८५ धरून पाहा. उत्तर दोन-अडीच हजार किलोमीटरने सरकते. मग काठी ओळंब्याने का रोवायची, हे कोणाला वेगळे सांगावे लागणार नाही.